जमीन हलत नाही, आम्ही वाजवतोय

लातुरात आमच्या बँडबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, आम्ही सैतानाची गाणी म्हणायचो. दोन, आमच्या नादाला लागून एका हुशार पोराचं वर्ष वाया गेलं. पहिलीवर मी शाई घालवत नाही. आमच्या घरात देवच नव्हते, सैतान कुठून आणणार? दुसरीचं मात्र उत्तर द्यायचं आहे. त्या पोराची क्लासमधली जागा गेली हे खरं. ती माझ्या चुकीनं गेली, हेही खरं. वाया काय गेलं आणि कुणी घालवलं, ते सगळं वाचून तुम्ही ठरवा.

मी नांदेडची. घर बौद्ध, वडील सरकारी ऑफिसात कारकून आणि वस्तीतल्या जलशात कोरसला. पाठ्यपुस्तकाच्या आधी मी पत्रकं वाचायला शिकले, कारण डब्यांच्या तळाला, कपाटाच्या फळीवर, खिडकीच्या फटीत, सगळीकडं जुनी पत्रकंच घातलेली असायची. दहावीला मार्क चांगले पडले आणि तिथंच फसले. देवणीच्या बाजारात खोंडाचे दात बघतात, आमच्याकडं पोराचे टक्के बघतात आणि लातूरच्या क्लासला नेऊन बांधतात. दोन वर्षं मी त्या दावणीला होते. एका खोलीत चौघी, भिंतीवर आवर्तसारणी, मेसचा डबा, सकाळी टेस्ट, संध्याकाळी टेस्टचा निकाल. डॉक्टर व्हायचं जमलं नाही. घरी तोंड दाखवायला नको म्हणून लातुरातच बी.ए.ला नाव घातलं आणि विद्यार्थ्यांच्या एका संघटनेत गेले.

संघटनेत मला दोन गोष्टी शिकवल्या. पत्रकात एका वाक्यात एकच मागणी लिहायची. आणि घोषणा घशातून द्यायची नाही, बेंबीतून द्यायची. घशातून दिली की दुसऱ्या दिवशी माणूस मुका. मुलींची अभ्यासिका सहाला बंद आणि मुलांची दहापर्यंत उघडी, यावर आम्ही नऊ दिवस गेटवर बसलो. नवव्या दिवशीही माझा आवाज पहिल्या दिवसासारखाच होता. त्याचा पुढं काय उपयोग होणार आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

बी.ए.ला माझ्या वर्गात एक पोरगा होता, निलंग्याकडच्या पुनर्वसनाच्या गावातला. भूकंपात त्यांचं जुनं गाव गेलं तेव्हा तो जन्मलाही नव्हता. तो जन्मला नव्या गावात, एका छापाच्या सिमेंटच्या घरांत, जिथं गल्ल्या पट्टीनं आखल्यासारख्या आहेत आणि कुणाचंच घर कुणाला टेकलेलं नाही. त्यानं मोबाइलच्या दुकानात आईसाठी भजनं भरून घ्यायला मेमरी कार्ड दिलं होतं. दुकानदारानं घाईत भलताच फोल्डर टाकला. आईनं एक गाणं ऐकलं आणि म्हणाली, मोबाइल बिघडला. पोरानं सगळी ऐकली आणि जुनी गिटार पैदा केली.

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये त्यानं इअरफोनचं एक टोक मला दिलं. आधी वाटलं, कुणीतरी कानात पिठाची गिरणी चालू केली. मग त्या गिरणीवर दोन गिटारी एकदम एकच चाल वाजवायला लागल्या, एक जरा वर, एक जरा खाली, जोडीनं. चाल दुःखी होती. आणि त्या चालीच्या खाली माणूस रडत नव्हता, गुरगुरत होता. माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच. ज्याला दुःख झालं त्यानं मान खाली घालून रडलंच पाहिजे, अशी सक्ती आमच्याकडं सगळीकडं आहे. त्या गाण्यात ती नव्हती.

"याला मेलोडिक डेथ मेटल म्हणतात," तो म्हणाला. "बर्फाच्या मुलखातल्या पोरांनी काढलंय."

"बर्फाचं काय आहे यात? हे तर आपल्या उन्हाचं आहे," मी म्हणाले.

ड्रमर या गिटारवाल्याच्याच खोलीत सापडला. त्याचा रूम पार्टनर कंधारचा, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. मेडिकलची परीक्षा दुसऱ्यांदा द्यायला शहरातल्या एका मोठ्या क्लासच्या रिपीटर बॅचमध्ये बसलेला. त्या हॉलमध्ये तीनशे पोरं एकदम बसतात. हा मान न हलवता, वहीत लिहिता लिहिता, बाकाखाली दोन्ही पाय चालवायचा. शेजारच्यानं तक्रार केली की याच्यामुळं माझं अक्षर थरथरतं. आम्हाला तेच पाहिजे होतं. या संगीताला दोन्ही पायांनी मोठा ढोल बडवणारा लागतो. तसलं पायडल लातुरात कुठं मिळणार? मोंढ्यामागच्या वेल्डिंगवाल्यानं शिलाई मशीनचे दोन पायडल आणि सायकलची साखळी जोडून ते बनवून दिलं. जरा करकरायचं, पण चालायचं.

दुसरी गिटार नव्हती. ती जागा मामांनी घेतली. सगळं लातूर त्यांना मामाच म्हणतं. मूळचे लोह्याचे, वरातीच्या बँजो पार्टीत बँजो वाजवायचे. म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं लावलेली ती पेटी, भोंग्याला जोडलेली, जिच्यावर सगळ्या मराठवाड्याच्या नवऱ्या सासरी गेल्यात. आम्ही त्यांना गाणं ऐकवलं. त्यांनी विडी विझवली, पुन्हा लावायला सांगितलं आणि म्हणाले, "ही तर वरातीचीच चाल हाय. फक्त नवरी पळून गेल्यावरची."

त्या दिवसापासून आमचा आवाज ठरला. गिटारच्या तारा सैल सोडून खाली उतरवलेल्या, त्यावर मामांचा बँजो त्याच चालीवर जरा वरून, भोंग्यातून फाटून येणारा. खाली साखळीचे दोन पाय. आणि बेंबीतून मी. दुपारी बँजो पार्टीच्या गोडाऊनमध्ये, वरातीच्या गाड्याशेजारी आम्ही सराव करायचो. मी पहिल्यांदा गुरगुरले तेव्हा मामा थांबले.

"पोरी, दवाखान्यात जायचं का?"

"मामा, हे असंच असतं."

"असंच असतं तर मग अजून जरा आजारी पड. ह्यानं कुणी भीत न्हाई."

शब्द मी लिहायची. एक गाणं सगळ्यांत आधी झालं. गिटारवाल्याच्या गावाबाहेर भूकंपात गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. तिथून एस.टी.त बसलं की लातूरच्या चौकात उतरल्याबरोबर क्लासचे फ्लेक्स दिसतात, निवडलेल्या पोरांचे फोटो, खाली मार्क. मी ते एका दमात लिहिलं.

मेलेल्यांची यादी दगडावर,
निवडलेल्यांची फ्लेक्सवर.
जे वाचले आणि निवडले गेले नाहीत
त्यांची यादी कुणाच्या खिशात?
बाकावर आम्ही तीनशे, सर,
फोटोत तुमच्या तिघं.

पहिला कार्यक्रम नांदेडला, एका कॉलेजच्या गॅदरिंगला. पहिल्याच गाण्याला निम्मे लोक उठून गेले. उरलेले नेटानं उभे राहिले. नंतर एक मुलगी येऊन म्हणाली, "काय म्हणून राहिली होतीस ते एक अक्षर कळलं न्हाई. पण बरं वाटलं." वडील मागं उभे होते. ते म्हणाले, "आवाज पोचतोय, शब्द पोचत नाहीत. पत्रक काढ."

जगात या संगीताचे एवढे बँड आहेत, शब्द न कळण्याचं त्यांना काही वाटत नाही. उलट तो फायदाच असतो. जे कळत नाही ते कुणी अडवत नाही. तो फायदा स्वतःच्या हातानं घालवायला पत्रकांच्या घरातलीच पोरगी लागते.

त्यानंतर लातुरात आम्हाला हॉल मिळाला. कुठला, तर ड्रमरच्याच क्लासचा, तीनशे बाकांचा. पोरांना दोन तास विरंगुळा म्हणून रविवारी दुपारी कार्यक्रम ठेवायचं क्लासच्या मालकांनी कबूल केलं. त्यांना सगळे नुसतं सर म्हणतात. ते गोडाऊनवर स्वतः येऊन ते यादीचं गाणं उभ्यानं ऐकून गेले. पेनानं तळहातावर ठेका धरला होता.

"छान आहे. जोश आहे पोरांत. शब्द काय आहेत?"

"जिद्दीचे आहेत सर," गिटारवाला म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

मी नांदेडहून गुलाबी कागदावर पत्रक छापून आणलं. गाण्याचे सगळे शब्द, ओळीखाली ओळ. आणि पत्रकावर आपण कोण ते लिहायचं, निनावी पत्रक भित्रा माणूस काढतो, हे मला शिकवलेलं. म्हणून खाली ठळक अक्षरांत घातलं, "ड्रमवर: याच क्लासच्या रिपीटर बॅचचा विद्यार्थी." मला ती ओळ फार आवडली होती. शुक्रवारी बॅच सुटताना गेटवर उभी राहून मी एकटीनं सगळा गठ्ठा वाटला.

शनिवारी सकाळी ड्रमरला केबिनमध्ये बोलावलं. मी त्याच्याबरोबर गेले. सरांच्या टेबलावर ते गुलाबी पत्रक होतं.

"बाळ, हे तू लिहिलंस?"

"न्हाई सर. मी वाजवतो."

"शब्द माझे आहेत," मी म्हणाले. "मला बोला."

"तुला काय बोलणार बेटा, तू माझी विद्यार्थिनी नाहीस." त्यांचा आवाज चढला नव्हता. "परीक्षा दोन महिन्यांवर आली. काल हा कागद वाचून एक पोर माझ्यासमोर रडलं. म्हणालं, सर, मी त्या खिशातल्या यादीत आहे का? त्याला मी काय सांगायचं होतं, ते तू सांग."

याचं उत्तर माझ्याकडं आजही अर्धंच आहे. अर्धं असं, की ते पोर त्या प्रश्नाआधीही रडत होतं, फक्त सरांच्या समोर नव्हतं.

सर ड्रमरकडं वळले. "उद्या सकाळपर्यंत लिहून दे. या बँडशी माझा संबंध नाही, पत्रकाबद्दल माफी मागतो. नाहीतर बॅचमधून नाव कमी."

"आणि हॉल?" मी विचारलं.

"हॉलमध्ये उद्या टेस्ट आहे."

बाहेर जिन्यात मी त्याला धरलं. म्हणाले, लिहून द्यायचं नाही. उद्या सगळ्या बॅचला उठवू, गेटवर बसू. त्यानं हात सोडवून घेतला.

"माझी बॅच पत्रकात घालायच्या आधी मला इचारलंस का?"

"मला वाटलं तुला अभिमान वाटेल."

"मला पाय हलवायचे होते. तेवढंच."

त्यानं तिथंच, जिन्याच्या पायरीवर वही मांडीवर घेऊन माफी लिहिली आणि आत नेऊन दिली. मी म्हणाले, "शेपूट घातलंस."

"हाव, घातलं," तो म्हणाला आणि वर्गात गेला.

गोडाऊनवर मी मामांपुढं खूप बोलले. गद्दार वगैरे. मामा तारा पुसत होते. "कागद तुझा देव हाय, पोरी," ते म्हणाले. "त्याचा न्हाई." मला पटलं नव्हतं. माघार कुणी घ्यायची आणि कुणासाठी, हे ठरवायचा हक्क मी स्वतःकडं घेऊन ठेवला होता आणि त्यात काही चूक आहे असं मला वाटतच नव्हतं.

गिटारवाल्यानं तोड काढली. "उद्याच वाजवू. माझ्या गावात, समाजमंदिरापुढं, चार वाजता. ड्रमर नसला तर नसला." रविवारी दुपारी आम्ही तिघं टेम्पोत सामान चढवत होतो, तर ड्रमर पोत्यात पायडल घालून समोर उभा.

"टेस्ट?" मी विचारलं.

"दिली. साडेबाराला सुटली."

"आणि ते लिहून दिलेलं?"

"लिहिलं म्हणजे काय झालं? तू रोज लिहितीस. रोज तसं होतंय का?"

मामा इतके हसले की त्यांना खोकला आला. मी टेम्पोत चढले. वाटेत तो सगळा वेळ फिजिक्सच्या पेपरबद्दल बोलत होता.

गावात शिरताना गिटारवाल्याच्या आईनं आम्हाला रस्त्यातच अडवलं. आमच्यापैकी कुणाकडं न बघता तिनं फक्त ढोल बघितला.

"हे वाजवायचं असंल तर आधी घरोघर सांगून या. आमच्यात इहिरीचा सुरुंगसुदीक सांगून उडवत्यात."

मग आम्ही चौघं चार गल्ल्यांत फिरलो. पत्रक नाही, काही नाही, तोंडानं. दार वाजवायचं आणि म्हणायचं, "चार वाजता ढोल वाजणार हाय. घाबरू नका. जमीन हलत न्हाई, आम्ही वाजवतोय." एका घरात बाजेवर म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, "किती वेळ?"

"अर्धा तास, काका."

"मग काय भ्यायचं. भूकंप एवढा टिकत न्हाई."

चार वाजता ड्रमरनं दोन्ही पाय सोडले. सांगितलं होतं तरी सगळं गाव घरातून बाहेर आलं. पोरं काखेत, कुणाच्या हातात गॅसवरून उतरवलेला चहा. भिंतींपासून लांब, मोकळ्या मैदानाच्या मधोमध येऊन बसले. भूकंपापासून तिथं गुरगुर ऐकली की अंग उठतंच, डोक्याला विचारत नाही. आणि एकदा बसलेले लोक उठले नाहीत. एवढे श्रोते आम्हाला नांदेडात मिळाले नाहीत, त्यानंतर कुठं मिळाले नाहीत.

यादीचं गाणं मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हणाले. एक शब्द गाळला नाही. मामांच्या बँजोची तार तुटली, ते उरलेल्या तारांवर वाजवत राहिले. ड्रमरचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि तो हसत होता. बाकाखालून बाहेर आलेले त्याचे पाय मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले.

गाणं संपल्यावर समोरून एक बाई उठून आल्या. "दगड दगड म्हणलीस ते काय?" मी त्यांना शब्द साध्या आवाजात सांगितले.

"खरंय," त्या म्हणाल्या. "वाचलेल्याची यादी न्हाईच कुठं." मग म्हणाल्या, "अजून एकदा म्हण. आत्ता सांगितलीस तसं न्हाई. मघाशी वरडलीस तसं."

आम्ही ते दुसऱ्यांदा वाजवलं. ड्रमरनं पहिल्यापेक्षा जोरात वाजवलं, आणि हे करताना त्याला पुढचं सगळं माहीत होतं. समोर दहा-बारा जण मोबाइलवर शूटिंग करत होते. तो त्या मोबाइलकडं बघूनच वाजवत होता.

सोमवारी त्याचं नाव बॅचमधून कमी झालं.

मंगळवारी त्याचे वडील कंधारहून एस.टी.नं आले. सरांशी बोलून आले आणि मग मला भेटायला कॉलेजच्या गेटवर आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते मला अहो-जाहो करत होते.

"तुम्ही चांगलं लिहिता. पत्रक वाचलं मी. एकच विचारायचं होतं. माझ्या मुलाला त्यात घालण्यापूर्वी त्याला विचारलं होतं?"

"नाही."

"पुढच्या वेळी विचारत जा," ते म्हणाले आणि पोराला घेऊन गेले.

त्या गृहस्थांनी मला एवढ्या चार-पाच वाक्यांत जे शिकवलं ते संघटनेच्या सगळ्या शिबिरांत शिकले नव्हते. पण हात जोडून बसणं मला जमत नाही. ज्या क्लासनं त्याला काढलं त्याच क्लासची दर आठवड्याची टेस्ट मी त्याच्यापर्यंत पोचवायची ठरवलं. आधी त्याला फोन करून विचारलं. "पाठव," तो म्हणाला. वसतिगृहातल्या, त्या क्लासला जाणाऱ्या मुली मला पेपर द्यायच्या, मी झेरॉक्स काढून शनिवारी कंधारच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात ठेवायची. तो घरी टेबलाखाली पाय चालवत ते सोडवायचा. त्याची आई म्हणे एकदा वैतागून म्हणाली, एक तर डॉक्टर हो नाहीतर टेलर हो.

निकाल लागला. मेडिकल नाही मिळालं. उदगीरला जनावरांच्या डॉक्टरकीला नंबर लागला. त्याच्या वडिलांनी पेढे वाटले, आणि तो मला म्हणाला, म्हशीला मेटल आवडतं का ते बघतो आता.

आठवड्यानं चौकात क्लासचा नवीन फ्लेक्स लागला. तिसऱ्या ओळीत डावीकडून चौथा फोटो त्याचा. प्रवेश अर्जावर लावलेला, तेल लावून भांग पाडलेला. खाली नाव, खाली "आमचा अभिमान". परीक्षेच्या तोंडावर ज्याला हाकललं, तो आता त्यांचा होता. मी रागानं लाल. रात्रीत पत्रक लिहून काढलं असतं, पण आधी त्याला फोन केला. तो म्हणाला, "लिहू नको. मी येतो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आला. आम्ही तिघं त्याच्यामागं. पानटपरीवरचं स्टूल मागून घेतलं, त्यावर चढला आणि खिशातून पातं काढून फ्लेक्स कापायला लागला. क्लासचा वॉचमन धावत आला.

"ए, कुणाला इचारून कापायलास?"

"हा मी हाय. मला इचारून."

वॉचमननं फोटोकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "हाव की," तो म्हणाला. "मिशी आली व्हय आता." आणि स्टूल डुगडुगत होतं म्हणून त्यानं ते एका हातानं धरलं.

तेवढ्यात सर गेटमधून बाहेर आले. चौकात बरीच माणसं थांबली होती. "बाळ, हे काय? तुझं कौतुकच केलंय त्यात."

"सर, तुम्ही नाव कमी केलंत," तो वरूनच म्हणाला. "मी फक्त फोटो कमी करायलोय."

त्यानं चारी बाजू सावकाश, सरळ कापल्या. शेजारच्या फोटोंना पातं लागू दिलं नाही. सर तिथंच उभे होते. खाली उतरून त्यानं स्टूल टपरीवाल्याला परत दिलं आणि तो तुकडा गुंडाळून काखेत धरला.

मी तो मागितला. पुढच्या पत्रकावर छापायला याच्याहून चांगलं काय मिळणार?

"इचारलंस हे बरं केलंस," तो म्हणाला. "पण न्हाई."